मनुकांची बरणी आणि उघडा कारभार

रविवार, ५ मे १९५७. दुपार.

...आणि गेल्या बुधवारी मी पहाटेच उठले होते, एवढं मला पक्कं आठवतंय. शेण गोळा केलं, कोंबड्या सोडल्या, चूल सारवली, दोन भाकऱ्या थापल्या. एक माझी, एक मास्तरांची. मास्तर, माझे मालक, जाऊन तीन वर्षं झाली, पण हात दुसरी थापतोच. दुपारी ती मीच खाते. मग मनुका निवडल्या, देठ काढले, धुऊन बरणीत भिजत घातल्या, तोंडाला फडकं घट्ट बांधलं आणि बरणी चुलीशेजारी ठेवली. सगळं नीट केलं होतं. त्यात बिघडण्यासारखं काही नव्हतं.

आज हे आठवायचं कारण एवढंच की चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या पेल्यातला मनुकांचा रस जरा जोरकस लागला.

मास्तर मनुका शनिवारी सकाळी भिजवत, संध्याकाळी कुस्करून एक उकळी देत आणि गाळून ठेवत. पण मला बुधवारीच पुण्याला भगिनींच्या कन्व्हेन्शनला जायचं होतं. जास्त दिवस भिजल्या की रस जास्त सुटेल असा मी विचार केला. मूठभर गूळही घातला, कारण मागच्या खेपेला शेजारची चंद्राबाई म्हणाली होती, "बाई, रस लई आंबट हाय."

कन्व्हेन्शनमध्ये मी बोलले. विषय: ख्रिस्ती मंडळीच्या पुढाऱ्यांचा कारभार उघडा असावा. टाळ्या पडल्या. मुळशीकडून आलेली, शाळेत न गेलेली बाई इतकं बोलते म्हणून एका मॅडमनी माझा हात हातात घेतला.

काल उशिरा घरी आले तर रसावर फेस. दमले होते. चूल पेटवली नाही. गाळला, चाखला, दाट वाटला. बरंच झालं म्हटलं.

चांदे गावात लग्न होतं, म्हणून आज मंडळी निम्मीच होती. रस पुष्कळ उरला. आमच्याकडे टेबलावरचा रस जमिनीवर सांडत नाहीत आणि घरीही नेत नाहीत. ज्या वडिलांनी, म्हणजे मंडळीच्या नेमलेल्या ज्येष्ठांनी, पेला फिरवला, त्यांनीच तो संपवायचा. मास्तरांनी घालून दिलेला नेम. आज कुशाबा वडिलांची पाळी होती. त्यांनी सगळा उभ्यानं संपवला, पेला धुतला, पालथा घातला.

संकल्प: मंडळीच्या पंचांमधली पहिली बाई मी. तेव्हा आता रोज लिहायचं, खरं तेच लिहायचं, आणि स्वतःलाही सूट द्यायची नाही. हे कुणी वाचणार नाही, त्यामुळे अवघड नाही.

सोमवार, ६ मे

चंद्राबाई पाण्याची घागर कमरेवर घेऊन दारात उभी. म्हणाली, "ऐकलं का बाई? कुशाबा काल दुपारी मालेच्या रस्त्यानं गात चालला हुता. हैबतराव आडवं आलं. तोंडाला घमघमाट. चौदा वर्सांनी पुन्हा लावली म्हनत्यात."

मी म्हटलं, ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नये.

"ऐकीव कशाची? हैबतरावांनी हुंगलाय त्याला."

हैबतराव आमचे मुख्य पंच. मिलिटरीतून परत आलेले. त्यांनी हुंगलं म्हणजे हुंगलं.

कुशाबांना दारूतून मास्तरांनीच बाहेर काढलं होतं. आमच्या ओट्यावर त्यांना महिनाभर निजवलं. रात्री ओरडायचे, मास्तर उठून त्यांच्याजवळ बसायचे. त्यांची बायको रंभाबाई हिनं तेव्हा सांगून ठेवलं होतं की पुन्हा घेतलीत तर मी नांद्याला भावाकडे निघून जाईन, परत येणार नाही. आणि मास्तरांच्या शेवटच्या दुखण्यात त्यांची कूस बदलायला रोज कोण येत होतं, तर कुशाबा.

चंद्राबाई गेल्यावर बरणी हुंगली. मग धुतली. राखेनं, मग गरम पाण्यानं, मग पुन्हा राखेनं. बरणी स्वच्छ असावी म्हणून.

मंगळवार, ७ मे

पंचांची मीटिंग. आमचे पाद्री पाळकसाहेब, हैबतराव, आणखी दोघे आणि मी. पाळकसाहेबांचं म्हणणं, कुशाबांना एकटं बोलावून प्रेमानं विचारू. हैबतराव म्हणाले, "नो सर. दारूबंदी चालू आहे. उद्या फौजदार दारात आला तर मंडळीचं नाव जाईल. आणि बाईंचा रेझोल्यूशन आहेच."

तो ठराव मीच मागच्या महिन्यात मांडला होता. कोणाही पंचाविरुद्ध किंवा वडिलाविरुद्ध तक्रार आली तर ती बंद दाराआड मिटवायची नाही. भर मंडळीत वाचायची आणि त्यानं तिथंच उत्तर द्यायचं. एकमतानं पास झाला होता. हैबतरावांनी तेव्हा मला सॅल्यूट केला होता.

तक्रार कोण वाचणार? पाळकसाहेब अध्यक्ष, त्यांनी वाचायची नाही. हैबतरावांना इंग्रजी सही येते, मराठी वाचन अडखळतं. बाकी दोघांनी हात जोडले. म्हणजे मी.

मीटिंगमध्ये मनुकांचा विषय निघाला नाही. मी कसा काढणार? अजेंड्यावर नव्हता.

बुधवार, ८ मे

शांत डोक्यानं विचार केला. मुद्दे असे:

रस उग्र होता, पण तो दारूच होता हे सिद्ध कुठं झालंय. मी कधी दारू चाखलेली नाही, तेव्हा मला त्यातलं काय कळणार. शिवाय तोच रस सगळ्यांनी घेतला, मीही घेतला, कुणी गायलं नाही. कदाचित कुशाबांनी नंतर खरंच कुठं घेतली असेल. डोंगरातल्या वाड्यांवर मिळते म्हणतात.

हे शेवटचं लिहिताना पेन थांबला. पण शक्यता म्हणून लिहिलं पाहिजे.

संकल्प: शुक्रवारी पाळकसाहेबांना सगळं सांगायचं.

शुक्रवार, १० मे

पाळकसाहेबांकडे निघाले होते. वाटेत रंभाबाई भेटली. सलाम झाला. ती सरळ विचारती झाली, "बाई, तुमी मास्तरांची मान्सं. तुमी पंच. खरं सांगा, यांनी घेतली का?"

मी म्हटलं, रविवारी मंडळीसमोर काय ते निघेल.

"मी इचारलं तर म्हनत्यात, टेबलावरचं सोडून काय घेतलं न्हाई. टेबलावरच्यानं कुनाला चढती का?" ती रडत नव्हती. हातातली गवताची पेंढी एकदा या काखेत, एकदा त्या काखेत घेत होती. "चौदा वर्सं मी यांच्या तोंडाचा वास बघून झोपतीया. त्या दिशी वास हुता. मला वास कळतो."

पाळकसाहेबांसाठी घेतलेली सहा अंडी मी तिला दिली. ती म्हणाली, "हे कशापायी?" मी म्हटलं, उगीच.

मग पाळकसाहेबांकडे जायला उशीर झाला.

रविवार, १२ मे

वाचलं.

मास्तरांचा चष्मा लावून वाचते मी. माझ्या डोळ्यांना तो लागत नाही, अक्षरं जरा वाकडी दिसतात, पण त्याशिवाय लोकांसमोर उभं राहवत नाही. ते ओट्यावर मुलांना शिकवायचे आणि मी आत धान्य पाखडायची. तेवढ्यावरच मी अक्षरं शिकले. एकदा एका मुलानं चुकीचं वाचलं आणि मी आतून दुरुस्त केलं, तेव्हा त्यांना कळलं. त्या दिवशी ते किती हसले होते.

तक्रार छोटी होती. "वडील कुशाबा हे रविवार दिनांक पाच मे रोजी उपासनेनंतर मद्याच्या अमलाखाली भर रस्त्यात आढळले." आवाज चांगला लागला. मागच्या बाकापर्यंत गेला.

पाळकसाहेबांनी विचारलं, काय म्हणणं आहे? कुशाबा उभे राहिले. पागोटं हातात. माझ्याकडे बघत राहिले, बराच वेळ. मग म्हणाले, "परभूच्या टेबलावरचं सोडून म्या कायबी घेतलं न्हाई."

हैबतराव म्हणाले, हा तर पवित्र टेबलावर आळ घेतोय. लोकांत कुजबुज. ठरलं की कबूल करीपर्यंत प्रभुभोजन नाही आणि वडीलपण काढून घ्यायचं.

हात वर करायचे होते. मी वाचक असल्यामुळे हातात कागद होता. पण दुसरा हात मोकळा होता. तो वर गेला.

मंगळवार, १४ मे

रंभाबाई नांद्याला गेली. भांड्यांचं एक गाठोडं आणि शेळी घेऊन. चंद्राबाईनं पाहिलं.

आज काही खाल्लं नाही. उपास म्हणून नाही. मास्तरांची भाकरी कोंबड्यांना घातली.

संकल्प: सत्य योग्य वेळी सांगावं. वेळ अजून आली नसावी, असं वाटतं.

गुरुवार, १६ मे

आज फार मोठी गोष्ट कळली. जीव हलका झाला. सविस्तर लिहिते.

चंद्राबाईसोबत नदीवर धुणं होतं. मी सहज म्हटल्यासारखं विचारलं, त्या दिवशीचा रस तुला कसा लागला होता?

तिनं लुगडं दगडावर आपटलं. म्हणाली, "कसा म्हंजे? पार नाकात गेला की. मोहाच्या पयल्या धारंवानी."

मी म्हटलं, मग तेव्हाच बोलली का नाहीस?

"आन काय सांगू? लोक म्हनले असते, चंद्रे, तुला पयली धार कशी ठाव?" आणि हसली. "बाकीच्यांचीबी तीच गत. हैबतरावांनी घोट घेतला आन डोळं मिटलं. लई येळ मिटलेलंच. मला वाटलं, प्रार्थना करत्यात."

म्हणजे सगळ्यांना कळलं होतं. हात वर करणाऱ्या प्रत्येकाला. मग एकटी मीच का जबाबदार? मंडळी म्हणजे एक शरीर असं आपण मानतो, तर मग दोषही सगळ्या शरीराचा. माझ्या वाट्याला फार तर एखादं बोट येतं.

तशीच ओल्या लुगड्यानं पाळकसाहेबांकडे गेले आणि सांगून टाकलं. अर्धंमुर्धं नाही, गुळासकट.

त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "सारजाबाई, पहिला घोट माझाच होता."

मी म्हटलं, मग?

"मला वाटलं, बोललो तर दारूच्या परमिटचा प्रश्न निघेल. चौकशी. मिशनकडे रिपोर्ट. माझी बदली. मुलीची परीक्षा आहे." मग हळूच म्हणाले, "आता विषय वाढवण्यात कुणाचं भलं? थोड्या दिवसांनी कुशाबांना परत घेऊ. लोक विसरतील."

बाहेर आले तेव्हा चांगलं वाटत होतं. पाळकांची परवानगी म्हणजे जवळजवळ क्षमाच.

शनिवार, १८ मे

ते चांगलं वाटणं दोन दिवस पुरलं नाही. कुशाबांची एकटीनंच माफी मागून टाकावी, म्हणजे देवाच्या दृष्टीनं काम झालं, असं ठरवून त्यांच्याकडे गेले.

ते चुलीपुढं बसले होते. तव्यावर भाकरी जळत होती. मी हातानं ती उलटली, त्यांनी उलटू दिली. मग मी सांगितलं.

ते म्हणाले, "ठाव हाय की बाई. पयल्या घोटाला कळलं."

मी म्हटलं, मग सगळा प्यायलात कशाला?

"सांडायचं न्हाई, मास्तरांनी घालून दिल्यालं." राख सारखी करत राहिले. "चौदा वर्सांनी जिभंला लागली. पेला हातात, पाळकसायेब म्होरं, तुमी म्होरं. वतायचं कुटं? घेतलं. आन लोक म्हनत्यात मी गात हुतो. गात न्हवतो मी. रडत चाललो हुतो. माझा आवाजच तसला, त्याला म्या काय करू?"

मला हसू आलं आणि लगेच मेल्यासारखं झालं. विचारलं, सभेत का नाही सांगितलंत?

"तुमी वाचत हुता न्हवं." त्यांना माझ्या विचारण्याचंच नवल वाटलं. "म्हनलं, वाचून झालं की सांगतील बाई. वाट बघत ऱ्हायलो."

घरी आले. लिहिण्यासारखं एवढंच.

रविवार, १९ मे

उपासनेत उभं राहून सांगायचं ठरलं होतं. घसा बसला. सकाळी लिंबू घेतलं म्हणून असेल.

सोमवार, २० मे

मास्तरांचा फोटो नाही माझ्याकडे. नुसता कोट आहे, खुंटीला. त्याच्याकडे पाठ करून जेवले.

बुधवार, २२ मे

एस.टी.नं पिरंगुटपर्यंत गेले, पुढे नांद्याला पायी. ऊन फार. रंभाबाई भावाच्या खळ्यावर होती. मी म्हटलं, तुझ्या नवऱ्यानं घेतली नाही, माझ्या बरणीतून त्याला पाजली गेली, आणि सगळं सांगितलं.

वाटलं होतं, ती मला मारील तरी, नाहीतर गळ्यात तरी पडेल. दोन्हीसाठी मनाची तयारी केली होती. तिनं मला पाणी दिलं. मग म्हणाली, "मंडळीत सांगितलं का?"

मी म्हटलं, पाळकसाहेबांना सांगितलंय.

"मंडळीत?"

नाही म्हटलं.

"त्यांचं नाव भर मंडळीत घेतलं तुमी. मोठ्यानं. मी मागल्या बाकावर हुते, मला समदं ऐकू आलं. मग हे हितं खळ्यावर का सांगताय? हितं तर नुसत्या म्हशी हायेत." तांब्या परत घेतला. "येत्या रविवारी येते मी. मागं बसते. सांगा, मंग घरी जाईन."

येताना वाटेत ते माझं कन्व्हेन्शनचं भाषण आठवलं. चांगलं भाषण होतं. शब्द न् शब्द पाठ आहे अजून. पिरंगुट येईपर्यंत तोंड तापून गेलं होतं, आणि ते उन्हानं नव्हतं.

रविवार, २६ मे

रंभाबाई आली होती. शेवटच्या बाकावर, दाराशी. नांद्याहून इतक्या सकाळी कशी आली असेल.

सूचनांच्या वेळी मी उभी राहिले. चष्मा लावला. सगळे बघायला लागले. पाळकसाहेबांचा चेहरा पडला. मी तोंड उघडलं आणि म्हटलं की भगिनी मंडळाचा शिवणाचा क्लास या आठवड्यापासून गुरुवारऐवजी शुक्रवारी भरेल.

आमचा शिवणाचा क्लास नाहीच. चंद्राबाईनं वळून बघितलं.

चष्मा काढला तेव्हा शेवटचा बाक रिकामा होता.

मंगळवार, २८ मे

संकल्प नाही.

चंद्राबाई विचारून गेली, शिवणाच्या क्लासला सुई-दोरा कुणी आणायचा?

शनिवार, १ जून

उद्या प्रभुभोजन. मनुका आज सकाळी भिजवल्या, संध्याकाळी कुस्करल्या, उकळी दिली, गाळल्या. गूळ नाही. चाखून पाहिला. आंबट. मास्तरांच्या हातचा लागायचा तसाच. चुलीपुढं बसून राहिले आणि खूप दिवसांनी रडले. कशासाठी ते आज नीट माहीत होतं.

रंभाबाईला निरोप धाडलाय. ती येईल असं नाही.

रविवार, २ जून

सूचनांच्या वेळी उभी राहिले. चष्मा घरीच ठेवला होता. समोर सगळे स्पष्ट दिसत होते, तेच अवघड गेलं.

सांगितलं. बुधवार, बरणी, गूळ, फेस, न दिलेली उकळी. बरणी तीनदा धुतली ती कशासाठी, तेही सांगितलं. तक्रार वाचताना मला ठाऊक होतं, हेही. दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं नाही. रस कुणाकुणाला कसा लागला होता ते सांगायचा मला हक्क नव्हता.

पाळकसाहेबांनी विचारलं, आणखी कुणाला काही बोलायचंय का? हैबतराव छपराच्या कौलांकडे बघत होते. चंद्राबाई खोकली. पाळकसाहेबांनी पुस्तक उघडलं. मग पुस्तकाकडे बघत म्हणाले, "पहिला घोट माझा होता. मला कळलं होतं." आणि खाली बसले. त्यांच्यामागून कुणीच उठलं नाही.

मग हैबतराव म्हणाले, नियम तो नियम, बाईंविरुद्धची तक्रार बाईंच्याच रेझोल्यूशनप्रमाणे वाचली पाहिजे. कागदावर चार ओळी खरडल्या गेल्या. कोण वाचणार? अडखळत वाचलं तर शोभत नाही, असं ते म्हणाले. कागद माझ्याकडे आला.

माझ्यावरची तक्रार मीच वाचली. चष्म्याशिवाय. आवाज मागच्या बाकापर्यंत गेला नसावा, कारण मागून रंभाबाई म्हणाली, "मोठ्यानं वाचा."

पुन्हा वाचलं.

माझं पंचपद गेलं, सहा महिने प्रभुभोजन नाही. पाळकसाहेबांबद्दल ठरवायला वेगळी मीटिंग लागेल म्हणे, तिची तारीख ठरली नाही. कुशाबांना वडीलपण परत मिळालं आणि पेला त्यांनीच फिरवला. माझ्यापाशी आले तेव्हा थांबले नाहीत. थांबायचं नसतंच.

उरलेला रस त्यांनी उभ्यानं संपवला. रंभाबाई दारात उभी राहून बघत होती. बाहेर आल्यावर तिनं त्यांचं तोंड हुंगलं, सगळ्यांदेखत, आणि दोघं घरी गेली.

सोमवार, ३ जून

मनुकांची बरणी रंभाबाईला नेऊन दिली. शनिवारी सकाळी भिजवायच्या, संध्याकाळी एक उकळी, गूळ घालायचा नाही, असं सांगितलं. तिनं फडकं सोडून बरणी हुंगून पाहिली. घरी आले, शेण गोळा केलं, भाकऱ्या थापल्या.